भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर आणि यवतेश्वरचा घाट

साताऱ्यात पोवई नाका ते राजवाडा एवढंच फिरायचं असेल तर मोबाइलवर स्कॅन करून मिळणारी भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर बिनधास्त घ्या. कासला जायचं असेल तर तिच्या वाटेलाही जाऊ नका. "फुल चार्जवर 70 किमी जाते, कास म्हणजे काहीच नाही," असं आम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं. साफ खोटं!

समर्थ मंदिरापर्यंत गाडी मस्त पळाली. यवतेश्वरचा घाट लागला आणि पहिल्याच मोठ्या वळणावर जीव सोडल्यासारखी झाली. मूठ पूर्ण पिळलेली, मागे भाचा, त्याच्यामागे एसटीचा हॉर्न, आणि गाडी जागची हलेना. भाचा उतरून चालायला लागला तर तो पुढे आणि मी मागे. मागच्या चाकाजवळ हात नेला तर मोटरची धग लागत होती. बॅटरीच्या कांड्या बघता बघता निम्म्यावर आल्या.

हे होणारच होतं. लायसन्स आणि नंबरप्लेट न लागणाऱ्या गाड्यांना 250 वॅटची मोटर आणि ताशी 25 किमी वेग ही मर्यादा असते. दोन माणसं धरून 200 किलो वजन, शंभर मीटरला आठ मीटर चढ. एवढ्या ताकदीवर वेग ताशी 5 किमीच्या आसपास येतो. शिवाय सातारा साधारण 700 मीटर उंचीवर, कासचं पठार 1,200 वर. एवढं वजन नुसतं वर चढवायलाच पाव युनिटपेक्षा जास्त वीज जाते, आणि अशा गाडीची बॅटरी दीड युनिटच्या आतबाहेर. 70 किमीचा आकडा सपाट रस्त्याचा, एकट्या माणसाचा.

खरा संताप बिलाचा. भाडं मिनिटावर असतं, त्यामुळे मोटर गार व्हायला थांबलो तेही पैसे लागले. वर पोचून राइड बंद करायला गेलो तर ॲप म्हणतं, हद्दीबाहेर बंद करता येणार नाही. शेवटी डिपॉझिटमधून वेगळा दंड कापला. ही लूटच आहे. गाडी घेण्याआधी ॲपच्या नकाशात हद्दीची रेघ बघा, थांबलेल्या वेळेचा दर विचारा, कांड्यांचा फोटो काढून ठेवा. रेल्वे स्टेशनलाही ही गाडी नेऊ नका. वाटेत हायवे ओलांडावा लागतो आणि 25 च्या वेगाने तिथे जीव मुठीत धरावा लागतो.

दुसऱ्या दिवशी बामणोलीच्या एसटीने कासला गेलो. पठार सुंदर, काही अडचण नाही. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणजे घरच्यांसोबत असाल तर स्कूटरचा विचारच नको. फक्त परतीची शेवटची गाडी किती वाजता, ते चढतानाच कंडक्टरला विचारून घ्या.