आमची वाटचाल: बीजिंगच्या जुन्या पेठेत रमलेली आमची छोटी टूर कंपनी

आमची कंपनी पुण्यातली, मी, मिसेस आणि ऑफिसला दोन जण एवढाच पसारा. चीनची टूर सुरू केली तेव्हा तिथल्या एजंटने जो प्रोग्राम पाठवला त्यात ग्रेट वॉल, फॉरबिडन सिटी आणि मध्ये सिल्क फॅक्टरी, चहाचं दुकान असे दोन-दोन तास ठेवलेले, कारण तिथल्या खरेदीवर कमिशन. आम्ही ते स्वच्छ नाही म्हणून सांगितलं, टूर थोडी महाग पडली तरी चालेल, आणि तो सगळा वेळ दाशिलानला दिला. तिथूनच आमचं नाव झालं.

दाशिलान म्हणजे चिआनमेन या जुन्या वेशीच्या दक्षिणेला, मोठ्या रस्त्यावरून पश्चिमेला वळणारी गल्ली, जेमतेम तीनशे मीटरची. पण तिथे तोंगरेनतांग हे १६६९ सालचं औषधाचं दुकान आहे, १७२३ पासून राजवाड्याला औषधं पुरवायचे, आणि १८९३ चं रुइफुशियांग कापडाचं. १९०० च्या परकीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडात अख्खी पेठ जळली होती, तरी ही मंडळी परत उभी राहिली, धंदा करणारा माणूस म्हणून मला याचं फार अप्रूप वाटतं. जुने बीजिंगकर म्हणायचे डोक्यावर मा चुयुआनची टोपी, पायात नेइलियानशेंगचे जोडे, अंगावर आठ शियांगचं (नावात 'शियांग' असलेल्या आठ कापड दुकानांचं) कापड, झाला माणूस रुबाबदार!

नेइलियानशेंगमध्ये (१८५३) मात्र आमचा ग्रुप हलतच नाही. त्यांच्या कापडी जोड्याचा तळ म्हणजे सुती कापडाचे थरावर थर खळीने चिकटवून तागाच्या दोऱ्याने हाताने शिवलेले, साधारण सव्वा इंचाच्या चौकोनात ८१ च्या वर टाके, हात लावून बघा, लाकडासारखा घट्ट लागतो आणि तरी वाकतो. पूर्वी बड्या अधिकाऱ्यांच्या पायाची मापं वहीत लिहून ठेवायचे, म्हणजे कोणाला भेट द्यायची तर माप विचारायला नको, गिऱ्हाईक सांभाळणं याला म्हणतात.

बायकांची गर्दी जवळच्या लिऊबिजूत. बरण्यांमधली लोणची वजनावर मिळतात, घट्ट सॉसमध्ये मुरवलेली काकडी वगैरे, आपल्यासारखं वर तेल नाही.

बाहेरचा चिआनमेन रस्ता २००८ च्या ऑलिम्पिकआधी नव्याने केला, फोटोला छान आहे पण मी तिथे फार वेळ देत नाही.

२०२० ला सगळं ठप्प झालं, मधली वर्षं कोकणच्या सहलींवर काढली. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारत-चीन थेट विमानं परत सुरू झाली आणि जुन्या कस्टमरचे फोन यायला लागले. आता ल्युलीचांग ही जवळची जुनी गल्ली पण जोडतोय, तिथल्या रोंगबाओझाई या दुकानात लाकडी ठशांनी चित्रं छापतात, एका चित्राला कितीतरी ठसे लागतात, घाईत बघण्यासारखं नाहीच ते. म्हणून ग्रुप बारा जणांचाच ठेवणार, चौकशी कितीही आली तरी, कारण काउंटरपाशी उभं राहून माल नीट बघता आला पाहिजे प्रत्येकाला.