पेटी हलते का?

भौतिकशास्त्राच्या पुस्तकातली बहुतेक बले पहिल्या ओळीतच आपला आकडा सांगून मोकळी होतात. वजन काढायचे तर वस्तुमानाला गुरुत्वीय त्वरणाने गुणावे. कोणी किती जोर लावला हे तर प्रश्नातच दिलेले असते. घर्षण मात्र आधी समोरच्याचा जोर पाहते आणि मगच आपण किती विरोध करायचा ते ठरवते. अडत दुकानातले जुने दिवाणजी जसे मागितले तेवढेच मोजून हातावर ठेवतात आणि मागणी ठरलेल्या रकमेच्या वर गेली की काही केल्या वाढवून देत नाहीत, तसाच स्थितिक घर्षणाचा, म्हणजे वस्तू अजून हललेली नसतानाच्या घर्षणाचा, कारभार असतो. इतर प्रकरणांतली गणिते मी सोडवतो. घर्षणाची गणिते आवडीने सोडवतो.

संध्याकाळी अकरावीची काही मुले माझ्याकडे वही घेऊन येतात. घर्षणाचे गणित दिसले की त्यांचा हात सवयीने ‘म्यू एन’, म्हणजे घर्षण गुणांक (दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात ते सांगणारा आकडा) गुणिले लंब प्रतिक्रिया (पृष्ठभाग वस्तूला काटकोनात देतो तो रेटा), लिहून मोकळा होतो. समजा, ५० किलोची पेटी फरशीवर ठेवली आहे, स्थितिक घर्षण गुणांक ०.४ आहे आणि कोणी ती १२० न्यूटन बलाने आडवी ढकलतो आहे. गुरुत्वीय त्वरण सोयीसाठी १० धरले, तर लंब प्रतिक्रिया ५०० न्यूटन आणि घर्षणाची कमाल मर्यादा २०० न्यूटन येते. मुले हे २०० घर्षण म्हणून लिहितात, त्यातून १२० वजा करतात आणि ८० न्यूटनचे बल पेटीला मागे ढकलते आहे, असे उत्तर काढतात. म्हणजे ज्याने पेटी ढकलली त्याच्याच अंगावर ती चालून येणार! एका मुलीने असे उत्तर लिहून त्याखाली दोन रेघाही ओढल्या होत्या, मग थोडा वेळ वहीकडे पाहून ती स्वतःच म्हणाली, “सर, पेटी उलटी येतीय की!” त्या दिवसापासून तिच्या वहीत प्रत्येक गणिताच्या वर ‘हलते का?’ एवढेच लिहिलेले असते.

खरे गणित तिथेच असते. १२० हे २०० पेक्षा कमी आहे, म्हणून पेटी हलत नाही, आणि ती हलत नाही म्हणूनच घर्षणही १२० च आहे. जोर २५० न्यूटन झाला की मर्यादा ओलांडली जाते, पेटी सरकू लागते आणि गतिक घर्षणाचा, बहुधा थोडा लहान असलेला, गुणांक लागू होतो. तो ०.३ असेल तर घर्षण १५० न्यूटनवर उतरते, १०० न्यूटन शिल्लक राहतात आणि पेटीला दर सेकंदाला सेकंदामागे २ मीटर एवढे त्वरण मिळते. जड कपाट एकदा हलले की पुढे त्या मानाने हलके वाटते, त्याचे कारण हेच.

परीक्षकांचा लाडका कोन ३७ अंशांचा आहे, कारण त्याचे साईन ०.६ आणि कोसाईन ०.८ धरता येते. आता तीच पेटी २०० न्यूटन बलाने, दोर आडव्या रेषेशी ३७ अंश वर धरून ओढली, तर १६० न्यूटन पेटीला पुढे नेतात आणि १२० न्यूटन तिला वर उचलू पाहतात. लंब प्रतिक्रिया ३८० वर येते, मर्यादा १५२ होते आणि पेटी सरकते. तेवढ्याच बलाने, तेवढ्याच कोनात, पण वरून खाली रेटत ढकलली, तर लंब प्रतिक्रिया ६२० आणि मर्यादा २४८ होते. पुढे नेणारे बल पुन्हा १६०च, त्यामुळे पेटी जागची ढिम्म हलत नाही. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात पोते जमिनीवरून सरकवायचे असेल तर हमाल त्याचे दोन्ही कान धरून तिरके वर ओढतो, पाठीमागून वाकून रेटत बसत नाही. त्याला साईन-कोसाईन कोणी शिकवलेले नसते.

हेच गणित आखाड्यात दोन जिवंत पिंडांवर मांडता येते. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या, १९१२ पासून कुस्त्या पाहणाऱ्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात दोन मल्ल एकमेकांना भिडतात, तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दोघांवर सारखेच बल येते. पहिलवान कितीही तगडा असला तरी तो समोरच्याला जेवढे रेटतो तेवढाच स्वतः रेटला जातो. मग मागे कोण सरकणार, हे बऱ्याच अंशी पायाखालच्या लाल मातीत ठरते. खाली घुसून समोरच्याला तिरके वर रेटले की त्याची लंब प्रतिक्रिया कमी होते आणि तेवढीच आपली वाढते. त्याच्या पायाची पकड सुटू लागते आणि आपली घट्ट होते. मातीत पाय रुतत असल्यामुळे सूत्र तिथे जसेच्या तसे लागू होत नाही, हे खरे. तरीही ‘खाली घुस, खाली घुस’ असे ओरडणाऱ्या वस्तादांचे म्हणणे मुक्त पिंड आकृतीत, म्हणजे एकाच पिंडावरची सगळी बले बाणांनी दाखवणाऱ्या आकृतीत, काढून दाखवता येते. घामाने निसरड्या झालेल्या अंगाला माती चोळण्यामागेही गुणांक वाढवण्याचाच उद्योग असतो.

घर्षणाचे लंब प्रतिक्रियेशी असलेले हे प्रमाण फ्रेंच शास्त्रज्ञ गियोम आमाँताँ यांनी १६९९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. स्पर्शाचे क्षेत्रफळ बदलल्याने घर्षण बदलत नाही, हेही त्यांनी सांगितले. पुढे शार्ल कुलोम यांनी भरपूर प्रयोग करून हा विषय पक्का केला आणि त्या कामासाठी त्यांना १७८१ मध्ये त्याच अकादमीचे पारितोषिक मिळाले. क्षेत्रफळाची गोष्ट मात्र मुलांना आजही पटत नाही. पेटी आडवी ठेवली काय आणि उभी ठेवली काय, उत्तर एकच, म्हटल्यावर ती संशयाने पाहतात, आणि तो संशय मला रास्त वाटतो.

दिशेचा घोळ याहून मोठा. घर्षण नेहमी ‘मागे’ असते असे धरून मुले बाण काढतात. हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरची आकृती काढायला सांगितली, की सगळ्या चाकांखालचे बाण मागे वळलेले असतात. मग ट्रॅक्टरला पुढे नेते कोण? इंजिन मोठी चाके फिरवते, ती चाके रस्त्याला मागे रेटतात आणि रस्त्याचे घर्षण त्यांना पुढे ढकलते. मागे वळलेले बाण ट्रॉलीच्या आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या लहान चाकांपुरतेच ठीक आहेत.

यापुढचे गणित ट्रकच्या हौद्यात न बांधता ठेवलेल्या गुळाच्या रव्याचे, म्हणजे ढेपेचे. ट्रक निघाला की रव्याला पुढे नेणारे बल एकच, हौद्याच्या फळीचे घर्षण. गुणांक ०.४ असेल तर ते रव्याला जास्तीत जास्त ४ एवढेच त्वरण देऊ शकते. चालकाने त्याहून जोरात गाडी काढली तर रवा मागच्या फाळक्याकडे घसरणार. या गणितात रव्याचे वजन दिलेले नसते, म्हणून मुले छपाईची चूक समजून अडून बसतात. मी त्यांना हवे ते वजन धरायला सांगतो. कोणी १० किलो धरतो, कोणी ३०, एखादा खोडसाळपणे हजार धरतो, आणि दुसऱ्याच ओळीत ते दोन्ही बाजूंनी कटून जाते.