मागच्या चाकाचा सेन्सर आणि खानापूरचा पावसाळा

गेल्या पावसाळ्यात बेळगावहून जांबोटीकडे जाताना माझ्या जुन्या गाडीचा एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा अधूनमधून लागू लागला. त्याहून त्रासदायक म्हणजे, थांबता थांबता वेग ताशी १० किलोमीटरवर आला की ब्रेकचे पेडल पायाखाली घरघरत असे आणि गाडी हातभर पुढे जाऊनच थांबत असे. या यंत्रणेला चाकाचा वेग कळवणारा उजवीकडचा मागचा सेन्सर एका गॅरेजने वर्षभरापूर्वीच बदललेला असल्यामुळे त्याच्यावर माझा संशय गेला नाही.

हा सेन्सर जुन्या पद्धतीचा, म्हणजे चुंबकाभोवतीची तारेची गुंडाळी आहे. हबवरची (चाकाच्या मधल्या भागावरची) दातेरी रिंग समोरून फिरली की गुंडाळीत वीज निर्माण होते आणि चाक जितके सावकाश फिरेल तितकी ती क्षीण होते. दोहोंमधले जेमतेम एक मिलिमीटरचे अंतर वाढले, तर कमी वेगात संकेतच नाहीसा होतो. मग चाक जाम झाले असे समजून यंत्रणा त्या चाकाचा ब्रेक सैल करू लागते. मल्टिमीटरवर दोन्ही बाजूंच्या गुंडाळ्या सुमारे ११०० ओहम दाखवत होत्या, पण चाक हाताने फिरवल्यावर उजवीकडचे व्होल्टेज डावीकडच्या निम्मेही भरले नाही. (नव्या गाड्यांतल्या, वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या सेन्सरवर ओहमची ही तपासणी करू नये, आतले सर्किट खराब होऊ शकते.)

उद्यमबागेतले ओळखीचे मिस्त्री फोनवर एवढेच म्हणाले, "सर, नुसता सेन्सर बदलून काय होतंय, आधी भोक घासा की!"

त्यांचे निदान बरोबर होते. खानापूरकडचा लाल चिखल आणि पाणी बसून, सेन्सर ज्या भोकात बसतो त्याच्या बिडाच्या बैठकीवर गंज चढला होता, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने त्याने सेन्सरला बाहेर रेटले होते. गाडी स्टँडवर घेऊन, चाक काढून, गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरवले, तरीही सेन्सर ओढताना त्याचे प्लास्टिक तुटलेच. धड असलेला सेन्सर असा हकनाक गेला. उरलेला तुकडा हातोडीने आत ठोकण्याचा मोह मात्र टाळावा, कारण रिंगचा एक दाता दुखावला तरी संकेत बिघडतो.

नवा सेन्सर बसवायला दहा मिनिटे लागली. भोक आणि बैठक पॉलिश पेपरने चकचकीत करायला दीड तास. भोकात पातळ ग्रीस लावून सेन्सर हाताने पूर्ण आत बसू द्यावा. तो बसत नसेल तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नये. माझ्या गाडीच्या पुस्तकात हा बोल्ट आवळायला अवघा ८ न्यूटन-मीटरचा जोर सांगितला आहे. वायर जुन्याच क्लिपांतून नेताना चाक खाली लोंबकळत ठेवले, म्हणजे खड्ड्यात चाक खाली गेल्यावर ती ताणली जाणार नाही याची खात्री झाली.

स्कॅनरने बिघाडाचा जुना कोड पुसून त्याच रस्त्याने पुन्हा गेलो, तेव्हा त्यावरचे चारही चाकांच्या वेगाचे आकडे थांबेपर्यंत एकत्र उतरत गेले. डावीकडच्या बैठकीवरही गंजाची कड दिसते आहे. तो सेन्सर न तुटता निघावा म्हणून तेल आजच सोडून ठेवले आहे.