पांढरी सहा, नऊ मात्रा आणि न सापडणारा सा

भाची लहानपणापासून पियानो शिकलेली, मी जन्मभर मांडी घालून हिंदुस्थानी व्हायोलिन वाजवणारा. दोघांनी मिळून काही बसवायचं म्हटलं की मी यमन काढणार आणि ती तोंड वाकडं करणार, हे ठरलेलं. या खेपेला तिनेच संगीतकार सेझार फ्रँकच्या व्हायोलिन-पियानो सोनाट्याची प्रत बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आणली. चार भागांपैकी फक्त पहिला बसवायचा, असा तह झाला. दुसऱ्यातला पियानो महाकठीण आहे. फ्रँकचे हात म्हणे फार मोठे होते, आणि त्याने लिहिताना इतरांच्या हातांची दया केलेली नाही.

हा सोनाटा १८८६ चा. फ्रँक तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता आणि त्याने तो यूजीन इझाई या बेल्जियन व्हायोलिनवादकाला लग्नाचा आहेर म्हणून दिला. सयाजीरावांच्या आश्रयाने संगीतकार मौलाबक्षांनी आपल्या बडोद्यात गायनशाळा सुरू केली तीही १८८६ सालीच. संबंध काही नाही, पण आमच्या गावच्या माणसाला असले योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तयारी वाद्यापासून. माझ्या नेहमीच्या व्हायोलिनच्या तारा सा-पच्या हिशेबाने उतरवलेल्या असतात. ते बाजूला ठेवून दुसऱ्या व्हायोलिनवर पाश्चात्त्य पद्धतीने तारा चढवल्या. सोनाटा ए मेजरमध्ये आहे, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी सहा, पेटीची सहावी पांढरी पट्टी. सा पांढरी सहाचा, बाकी सगळे स्वर शुद्ध, म्हणजे बिलावल थाट. सवयीने तानपुऱ्याचं अ‍ॅप पांढरी सहावर लावलं आणि भाचीला म्हटलं, कर सुरू.

तिने पहिला स्वरगुच्छ वाजवला आणि तानपुरा एकदम परका वाटायला लागला. कागद-पेन्सिल घेऊन मी तो गुच्छ सरगमीत लिहून काढला: प, नी, रे, म, ध. त्यात सा नाही, गंधारही नाही. ज्या सुरावर सगळी इमारत उभी, तोच सुरुवातीला गैरहजर. पियानो काही आवर्तनं हे एकटा वाजवतो, मग व्हायोलिन हळूच आत येतं, तेही सा ते ग एवढ्या अंतराच्या उड्या घेत, कुठेही ठाण न मांडता.

“मामा, सा शोधत बसू नका, तो नाही म्हणूनच ते असं वाजतं,” भाची म्हणाली. मी तानपुरा बंद केला.

मेजर म्हणजे आनंदी आणि मायनर म्हणजे दुःखी हे शाळेतलं गणित इथे टिकत नाही. हा भाग मेजरमध्ये आहे, पण आनंदी म्हणावा तर ओढ आहे, उदास म्हणावा तर उजेड आहे. त्या गुच्छाला घरी यायचंय आणि फ्रँक त्याला लगेच येऊ देत नाही, भाव तिथून येतो. दुसरा भाग डी मायनरमध्ये आहे, पण तो रडका नाही, चांगलाच खवळलेला आहे.

स्वरांची भानगड वेगळीच. कान तानपुऱ्यावर तयार झालेला, त्यामुळे माझा शुद्ध गंधार पियानोच्या काळी एकपेक्षा सुमारे १४ सेंट खाली पडतो (पियानोच्या लागून असलेल्या दोन स्वरांत शंभर सेंटचं अंतर), शुद्ध निषादही १२ सेंट खाली. एकट्याने वाजवताना ते गोड लागतं. पियानोबरोबर लांब गंधार धरला की भाची मान वर करून बघायची. शेवटी लांब स्वर पियानोकडे सरकवले आणि धावत्या जागी माझा कान माझ्याकडे ठेवला. मींड मात्र सोडली नाही. त्या काळचे युरोपीय वादकही स्वरावरून स्वरावर सर्रास घसरत.

सगळ्यात जास्त वेळ लयीने खाल्ला. ताल नऊ-आठचा, म्हणजे तीन ठोके आणि प्रत्येक ठोक्यात तीन मात्रा. दादऱ्याचा अर्धा तुकडा तीनदा घ्या. मेट्रोनोम, म्हणजे लय धरणारं टिकटिक यंत्र, नऊही मात्रांवर लावला तर प्रत्येक मात्रा विटेसारखी पडायची. तीन ठोक्यांवर लावला तेव्हा वाक्य जरा सुटं झालं. आवर्तनाला एकच टिकटिक ठेवली तेव्हा ते झोके घ्यायला लागलं. मला विलंबितची हौस, म्हणून मी मिनिटाला ४५ ठोके धरले. एक आवर्तन चार सेकंदांचं झालं, गज वाक्याच्या आधी संपायचा आणि सगळा भाग शोकसभेत जाऊन बसायचा. सत्तरच्या पुढे नेलं की नुसता गोल फिरणारा नाच.

इथे इझाईची गोष्ट कामाला आली. फ्रँकच्या मनात हा भाग संथ होता. १६ डिसेंबर १८८६ ला ब्रसेल्सच्या चित्रसंग्रहालयात इझाईने पियानोवादक लेओंतीन बोर्द-पेन यांच्याबरोबर सोनाटा वाजवला. लांबलचक कार्यक्रमातला हा शेवटचा, बाहेर अंधारून आलेलं, आणि दिवे लावायला परवानगी नाही. पुढचे तीन भाग दोघांनी जवळजवळ काळोखात, तोंडपाठ वाजवले. पहिला भाग इझाईने फ्रँकच्या कल्पनेपेक्षा जलद घेतला. कुणीतरी ते फ्रँकच्या कानावर घातलं तर त्याने इझाईचीच बाजू घेतली, यापुढे हा असाच वाजायचा म्हणाला. लिहिणाऱ्याने वाजवणाऱ्याचं ऐकलं, हे मला भारी आवडलं. भाचीने ही गोष्ट माझ्याविरुद्ध वापरली आणि आम्ही साठाच्या आसपास आलो. आवर्तन तीन सेकंदांचं, गज पुरतो, ओढही राहते.

एक सवय मात्र नव्याने लावावी लागली. दुसरी मुख्य धून पियानो एकटा वाजवतो, आणि ती व्हायोलिनच्या वाट्याला पुढेही येत नाही. आपल्याकडे साथीदार मधल्या जागा भरतो, इथे हात खाली घेऊन उभं राहायचं आणि आवर्तनं मोजायची. पुढे पियानोचा जोर ओसरला की व्हायोलिन परत येतं आणि शेवटी एकदाचा सा भक्कम लागतो. सहाएक मिनिटं त्याच्यासाठी थांबल्यावर तो स्वर मी जरा जास्तच दाबून वाजवतो. भाचीचं म्हणणं, तिथे गज हलका हवा. यावर अजून आमचं एकमत नाही.