ट्रेनरचे बारा रविवार: पहिल्या एकट्या लँडिंगपर्यंतची नोंद

बाराव्या रविवारी सकाळी सव्वासातच्या सुमारास, बडी केबल (शिकवणाऱ्याचा आणि माझा ट्रान्समीटर, म्हणजे रिमोट, जोडणारी तार) न जोडता, मी क्लबच्या धावपट्टीवर ट्रेनर, म्हणजे शिकाऊंसाठीचे रिमोटवर उडणारे छोटे विमान, उतरवले. खरे तर ते दोन उड्या मारून कडेच्या गवतात थांबले. पण प्रॉपेलर शाबूत राहिला आणि बाभळीचे झाड या वेळी मध्ये आले नाही. नव्याने शिकणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून आजवरची नोंद येथे मांडतो.

विमान फोमचे, पंख वर बसवलेले, पंखांची लांबी 1.4 मीटर आणि बॅटरीसह वजन सुमारे 1.3 किलो. पंखांना वरच्या बाजूस थोडा कोन असल्यामुळे ट्रान्समीटरवरील कांडी सोडली की ते बऱ्याच अंशी आपोआप सरळ होते. ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी सांगितली गेली होती, पण हातांना ती पटायला चार रविवार लागले. विमान जरा कलले की मी कांडी शेवटपर्यंत ढकलत असे, मग ते उलट बाजूला कलत असे, आणि शिकवणाऱ्या सरांना आपल्या ट्रान्समीटरवरील स्विच सोडून ताबा घ्यावा लागत असे. त्यांचे एकच वाक्य असायचे: “हात सोडा, त्याला उडता येतं.”

सिम्युलेटरवर पंधराएक तास घालवल्याचा फायदा झाला, तरी समोरून येणाऱ्या विमानाची दिशा ओळखण्यात मी मैदानावर पुन्हा नवशिकाच ठरलो. विमान आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावे-उजवे उलटे भासते. यावर क्लबमधील एका काकांनी दिलेली युक्ती अशी, की जो पंख खाली झुकलेला दिसतो त्याच बाजूला कांडी न्यायची, जणू त्या पंखाखाली टेकू देतो आहोत. त्यानंतर डोक्यात हिशेब करण्याची गरज उरली नाही. सहाव्या रविवारपासून मी दोन्ही दिशांनी आठचा आकडा काढू लागलो, अर्थात चूक सावरायला जागा राहील एवढ्या उंचीवर.

आठव्या रविवारची घटना सविस्तर लिहितो, कारण ती सर्वस्वी माझी चूक होती. आदल्या आठवड्यात विमान शेजारच्या ज्वारीत पडले होते आणि ते शोधण्यात आमचा पाऊण तास गेला होता. पंखाची भेग चिकटवून, एक सर्वो (पंखावरील पट्टी हलवणारी छोटी मोटर) बदलून मी ट्रान्समीटरमध्ये नवी मॉडेल मेमरी (त्या विमानाच्या सेटिंग्जचा संच) तयार केली. मैदानावर कांडी हलवून पाहिली, एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) हलले, आणि मी समाधानाने विमान उचलले. सरांनी मला थांबवले, विमानाच्या मागे उभे केले आणि कांडी उजवीकडे न्यायला सांगितली. उजवा एलेरॉन वर जायला हवा होता. तो खाली गेला. तसेच उडवले असते तर पहिल्याच दुरुस्तीच्या प्रयत्नात विमान जमिनीत घुसले असते, किंवा त्याहून वाईट म्हणजे मागे बसलेल्या लोकांकडे वळले असते. नुसती हालचाल पाहून भागत नाही, ती कोणत्या दिशेने होते हे पाहावे लागते.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे: आधी ट्रान्समीटर सुरू, थ्रॉटल (मोटरचा वेग ठरवणारी कांडी) शून्यावर, मगच विमानातील बॅटरी, बंद करताना याच्या उलट. बॅटरी जोडली की प्रॉपेलर फिरतोच आहे असे समजून त्याच्या पुढे किंवा रेषेत कोणी उभे राहायचे नाही. पंखाची रुंदी 22 सेंटिमीटर असून तोल पुढच्या कडेपासून 6 सेंटिमीटरवर साधतो, तो दोन बोटांवर दर वेळी तपासतो. विमान घट्ट धरून ट्रान्समीटर बंद केला की मोटर थांबली पाहिजे, हीदेखील चाचणी त्यातच आली. उंचीबाबत 2021 च्या ड्रोन नियमांतील हिरव्या क्षेत्राची (जिथे उडवायला पूर्वपरवानगी लागत नाही) 120 मीटरची मर्यादा आम्ही पाळतो. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ती 60 मीटर आहे, हे जागा शोधणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

लँडिंगने मात्र सर्वांत जास्त वेळ खाल्ला. वारा पाठीमागून असताना विमान जमिनीच्या मानाने वेगात दिसते, शिकाऊ माणूस घाबरून थ्रॉटल कमी करतो आणि वळणावरच पंखांचा आधार सुटतो. दहाव्या रविवारी माझे नेमके हेच झाले. आता उतरताना एलेव्हेटरने (शेपटीवरील, नाक वर-खाली करणाऱ्या पट्टीने) वेग आणि थ्रॉटलने उंची सांभाळतो. नऊनंतर माळ तापतो, घारी घिरट्या घालू लागतात, आणि तेवढे पाहून मी सामान आवरतो.

टायमर सहा मिनिटांचा लावतो, म्हणजे 2200 एमएएचची तीन सेलची बॅटरी साधारण तिसरा हिस्सा शिल्लक असताना खाली येते. घरी ती प्रत्येक सेलला 3.8 व्होल्ट ठेवून मातीच्या कुंडीत राहते. चार्जिंग चालू असताना मी खोली सोडत नाही, यावर घरचे हसतात.

त्या बाराव्या रविवारी एकूण पाच वेळा उतरलो, त्यांपैकी दोनदाच धावपट्टीवर. पुढच्या वेळी आडवा वारा असेल तर बडी केबल पुन्हा जोडणार आहे. ती पेटीतच आहे.