न चुरगळणारे कापड

गेल्या शतकाच्या मध्यावरील अमेरिका जाहिरातींतून पाहिली, तर तिथे कोणाचेही कापड चुरगळलेले दिसत नाही. गृहिणी स्वयंपाक करताना दाखवलेली असली, तरी तिच्या घेरदार झग्याची इस्त्री मोडलेली नसते आणि बागेत खेळून आलेल्या मुलाचा सदरा कोराच असतो. ही बाब किरकोळ वाटेल. पण त्या काळातील जाहिराती आणि छायाचित्रे शेजारी ठेवून पाहताना मला कपड्याचीच खूण सर्वांत विश्वासाची वाटू लागली आहे. चेहऱ्यावरचे हसू दोन्हीकडे सारखे असू शकते. कापड मात्र कोणी शिवले, कोणी धुतले आणि किती वेळा वापरले, हे सांगून जाते.

त्या घेरदार झग्यामागे टंचाईचा इतिहास आहे. युद्धकाळात, १९४२ साली, अमेरिकी सरकारने ‘एल-८५’ या आदेशाने स्त्रियांच्या कपड्यांना लागणाऱ्या कापडावर बंधने घातली, त्यामुळे स्कर्टची लांबी आणि घेर दोन्ही आखडले. नायलॉनचे मोजे १९४० साली देशभर विक्रीला आले होते. तेच नायलॉन आता पॅराशूटसाठी जाऊ लागले. त्यानंतर फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसमध्ये ख्रिस्तियन दिओर यांनी बारीक कंबर आणि भरपूर घेर असलेली वेशभूषा सादर केली आणि ‘न्यू लुक’ या नावाने ती अमेरिकेतही पोहोचली. पन्नाशीच्या दशकातील जाहिरातींत तो घेर इतका सहज दिसतो, की काही वर्षांपूर्वी तेवढे कापड वापरणे नियमाबाहेरचे होते, याचा मागमूसही उरत नाही.

याउलट फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी संस्थेच्या छायाचित्रकारांचे काम पाहावे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर या संग्रहातील सुमारे १,६०० रंगीत चित्रे कोणालाही पाहता येतात. त्यांत रसेल ली यांनी १९४० साली न्यू मेक्सिकोतील पाय टाउन येथे टिपलेली शेतकरी कुटुंबे आहेत. आमच्या आत्याने नौपाड्यात आयुष्यभर शिवणकाम केले, म्हणून ती चित्रे मी तिला मुद्दाम दाखवली. तिने चेहऱ्यांकडे फारसे पाहिलेच नाही. “फ्रॉक घरचे आहेत, आणि वाढत्या अंगाचे शिवलेत,” ती म्हणाली, आणि चित्र मोठे करायला लावून खालची दुमड आणि खांद्याची टीप न्याहाळत बसली. अमेरिकी खेड्यांत त्या काळी पीठ आणि पशुखाद्य यांच्या सुती पोत्यांपासून कपडे शिवत, हे मी तिला सांगितले. पोते विकणाऱ्या कंपन्यांनी ही गरज ओळखून पोत्यांवर फुलांची नक्षी छापायला सुरुवात केली होती आणि कंपनीचे नाव धुऊन जाईल अशी शाईही वापरली होती. आत्याला यात काहीच नवल वाटले नाही. नक्षी चांगली असेल तर बाई तेच पोते मागणार, हे तिच्या दृष्टीने उघड होते.

जाहिरातींचे कौशल्य मी कमी लेखत नाही. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात १९५० पासून १९९० पर्यंत कोडॅकची ‘कलरामा’ ही १८ फूट उंच आणि ६० फूट लांब प्रकाशमान चित्रे लागत असत. त्यांतील कुटुंबांचे कपडे रंगीत फिल्मवर खुलून दिसतील, असे निवडलेले वाटतात. पाँटिॲकच्या जाहिरातींसाठी आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन हे तर मोटारी प्रत्यक्षापेक्षा रुंद रंगवत. इस्त्रीचे कष्ट मात्र जाहिरातींत कष्ट म्हणून दिसले, ते हे कष्ट नाहीसे करणारी वस्तू विकायची असेल तेव्हाच. ड्युपाँट कंपनीच्या डॅक्रॉनसारखे कृत्रिम धागे आले, आणि मग ‘धुवा आणि घाला’ अशा कपड्यांच्या निमित्ताने सुती कापडासाठी किती राबावे लागते, हे जाहिराती उघडपणे बोलू लागल्या.

सगळ्यांत जास्त वेळ मी गॉर्डन पार्क्स यांच्या एका रंगीत छायाचित्रापुढे थांबते. १९५६ साली ते ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी अलाबामात गेले होते. मोबाइल या शहरातील एका दुकानाबाहेर एक कृष्णवर्णीय स्त्री आणि एक लहान मुलगी उभी आहे आणि त्यांच्या डोक्यावर ‘कृष्णवर्णीयांसाठी प्रवेश’ अशी निऑनची पाटी आहे. दोघींचे कपडे अतिशय नेटके आहेत. पार्क्स यांनी पूर्वी ‘व्होग’साठी फॅशनची छायाचित्रे काढली होती, त्यामुळे कपडा कसा दाखवावा हे त्यांना पक्के ठाऊक होते. जाहिरातीतील गृहिणीइतक्याच, किंबहुना अधिक काळजीने ही स्त्री तयार झाली आहे, पण त्या जाहिरातींत तिला जवळजवळ जागाच नव्हती. ती जागा शिकागोहून १९४५ पासून निघणाऱ्या ‘एबनी’सारख्या, कृष्णवर्णीय वाचकांसाठीच्या मासिकांना निर्माण करावी लागली. नीटनेटकेपणा म्हणजे समृद्धी, असे जाहिराती सांगत होत्या; या छायाचित्रात तोच नीटनेटकेपणा अपमानासमोर ताठ उभा आहे.

पार्क्स यांच्या त्या कामातील निवडक छायाचित्रे ‘लाइफ’च्या २४ सप्टेंबर १९५६ च्या अंकात प्रसिद्ध झाली. प्रदर्शनांत आणि पुस्तकांत अशी छायाचित्रे एकटी भेटतात, पण तेव्हाच्या वाचकाने ती जाहिरातींची पाने उलटत पाहिली होती. ‘लाइफ’चे जुने अंक गूगल बुक्सवर जाहिरातींसह पाहता येतात, ही मला फार मोलाची सोय वाटते. ज्यांना या विषयात रस आहे त्यांनी तो अंक थेट लेखापाशी न उघडता पहिल्या पानापासून चाळावा आणि प्रत्येक पानावर आधी कपड्यांकडे पाहावे.