नुसते उकडलेले बटाटे

काल रात्री चिनूनं चार बटाटे खाल्ले. उकडलेले. वर बटर आणि मीठ, बस्स. वर पाचवा मागितला. घरी हिच्या घशाखाली एक पोळी उतरवायला मला काय काय सोंगं करावी लागतात ते माझं मला ठाऊक.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. का नाही, याचाच विचार करत किती वेळ पडून होते. बाहेर दहा वाजेपर्यंत उजेड, झोप तशीही लागत नाही इथे आयर्लंडमध्ये.

दुखणं असं, की तेच बटाटे परवा मी केले होते. याच शेगडीवर, याच पातेल्यात. सुट्टीसाठी घेतलेल्या या घराच्या मालकीणबाईंनी दाराशी बटाट्यांची बादली ठेवली होती, ओली माती तशीच चिकटलेली. 'क्वीन्स' जातीचे, यंदाचे पहिलेवहिले. बघितल्या बघितल्या माझ्या डोक्यात काचऱ्या. मसाल्याचा डबा गाडीत घालून आणला तो कशासाठी? मोहरी, हिंग, हळद, सगळं रीतसर. झाकण काढलं तर लगदा. इकडच्या लोकांना बटाटा असाच लागतो, कोरडा, पिठूळ, हात लावला की भुगा होणारा. कौतुकानं त्याला 'बॉल्स ऑफ फ्लार', म्हणजे पिठाचे गोळे, म्हणतात. फोडी अख्ख्या राहाव्यात अशी अपेक्षा त्याच्याकडून करायचीच नाही. चिनूनं दोन घास खाल्ले आणि सोडा ब्रेडकडे वळली. नीरज निमूट जेवला. त्या निमूटपणाबद्दल मी काही लिहिणार नाही.

काल मालकीणबाई अंडी द्यायला आल्या, बादलीत डोकावल्या आणि म्हणाल्या, थांब, दाखवते. सालासकट उकडायचे. पाणी ओतून टाकायचं, पातेल्यावर स्वच्छ फडकं घालायचं आणि मंद आचेवर पुन्हा ठेवायचे, ओल सगळी वाफेबरोबर जाईपर्यंत. साल तडकून आतला पांढरा गर दिसायला लागतो. बटाटा हसला की झाला, म्हणाल्या. मग ज्यानं त्यानं आपल्या ताटात काट्यावर टोचून धरायचा, सोलायचा, सालं बाजूच्या बशीत. चिनूला तर हा खेळच मिळाला. बटर वितळून त्या भेगांमध्ये शिरत होतं, पिवळंधमक, कारण गाई वर्षातला बराचसा काळ बाहेर गवतावरच असतात.

बाईंनी काहीच केलं नाही, हे झोंबतंय मला. फोडणी नाही, मसाला नाही. दहा मिनिटं उभ्या राहिल्या आणि गेल्या. मी रोज तासभर उभी असते. सुट्टीवर आहे म्हणे मी. हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेलं घर घेऊ, आपलं आपण करून खाऊ, ही टूम कुणाची होती तेही सोडून देते. 1770 मध्ये इथल्या कॉर्क शहरात लोण्याचा बाजार भरायला लागला, खारवलेल्या लोण्याची पिंपं वेस्ट इंडीजपर्यंत जायची. एवढा अनुभव पाठीशी असलेल्या प्रांतापुढे माझी चिमूटभर हळद काय टिकणार?

आज शनिवार, म्हणून स्किबरीनच्या बाजारात गेलो. स्कलजवळच्या शेतावरचं गबीन चीज घेतलं, बांगडे घेतले, बिनकामाचा पाला बराच घेतला. परत येताना गावाबाहेर अ‍ॅबीस्ट्रूरीच्या कब्रस्तानापाशी थांबलो. 1845 मध्ये बटाट्यावर करपा आला आणि पुढची काही वर्षं येतच राहिला. तेव्हाची आठ-दहा हजार माणसं इथे एकत्र पुरलेली आहेत, नावाविना. बटाटा आणि ताक, एवढ्यावरच तर जगत होती. धान्य देशात पिकत होतं, जहाजं भरून बाहेरही जात होतं. चिनूनं विचारलं, मग त्यांनी दुसरं काही का नाही खाल्लं? नीरज तिला सांगत राहिला. मी त्या सपाट गवताकडे बघत काचऱ्यांचा विचार करत होते. दुःख काही कमी झालं नाही, लाज तेवढी वाटली.

घरी आल्यावर आईला फोन केला. सगळं रामायण ऐकवलं. ती हसली. जरा जास्तच वेळ हसली. मग म्हणाली, "तुला आठवतंय ना, पाटणकर काकूंकडे जाऊन काय जेवायचीस ते?" आठवतंय. नुसता वरणभात, वर लिंबू. आणि घरी आईचं सुकं तसंच पडलेलं असायचं. मी विषय बदलला.

खरं तर काल सगळे झोपल्यावर उरलेला एक गार बटाटा मी ओट्याशी उभ्यानंच मीठ लावून खाल्ला. चांगला होता. वाईट असता तर बरं झालं असतं.

असो. बांगडे साफ करून ठेवलेत. इकडचा जरा लांबोडका असतो, पण वास तोच. तिरफळं डब्यात आहेत, नारळाचं दूध टिनातलं मिळालं. मालकीणबाईंनाही वाटीभर पाठवणार आहे, होऊन जाऊ दे. चिनू मघाशी येऊन विचारून गेली, बरोबर कालचेच बटाटे ना? हो म्हटलं. फडकं धुऊन वाळत घातलंय.